सगळ्यांत मागचा सायकलपटू

१७ जुलै, संध्याकाळ

ती. वन्सं यांना सा. नमस्कार.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि या हॉटेलच्या भिंती पातळ, ओरडून बोलायची सोय नाही. म्हणून पत्र. आमच्या गटातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई उद्या परत निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देते. गुडघा कसा आहे? शेजारच्या काकू डोकावून जातात ना? जिन्याचा दिवा गेला असेल तर स्वतः स्टुलावर चढू नका.

आम्ही मजेत आहोत. सकाळी लवकर उठून शर्यतीच्या त्या दिवसाच्या रस्त्यावरचा एखादा घाट आपापल्या सायकलींवर चढायचा, मग पोलिसांनी रस्ता बंद केला की कडेला पथारी पसरून खऱ्या शर्यतवाल्यांची वाट बघायची. आम्ही रखडत, अधूनमधून उतरून ढकलत जो घाट चढतो, तो ही पोरं बघता बघता चढून जातात. जवळून जातात तेव्हा फक्त श्वास ऐकू येतात आणि साखळ्या.

ह्यांना गटात सगळे 'पंपवाले' म्हणतात. का, ते तुम्हाला सांगायला नको. रोज सकाळी स्वतःची सायकल राहते बाजूला आणि हे दुसऱ्यांची चाकं दाबत फिरतात. गटातला फर्निचरवाला रोज म्हणतो, "पंपवाले, माझ्या चाकात हवा भरपूर आहे, तुमचाच श्वास वाचवा." तरी हे दाबून बघतातच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बाजूला बसून दुसऱ्याच्या चुकीवर आपण ब्रेक मारायचा, ही एवढ्या वर्षांची सवय सुट्टीत थोडीच सुटते.

आजच्या घाटावर गर्दी फार होती. ह्यांचं कोपर जरासं खरचटलं आहे, काळजी नको. तुम्ही शिवून दिलेलं नारिंगी जाकीट मात्र वाऱ्यावर उडून दरीत गेलं. तुम्ही विचारालच, म्हणून आधीच सांगून टाकते.

बहुतेक आम्ही ठरल्यापेक्षा लवकर येऊ. सहलीचा म्होरक्या तिकिटांचं बघतो आहे. हवा बिघडणार आहे म्हणतात. कुणी आमच्याविषयी विचारलंच, तर सहलीला गेलेत एवढंच सांगा, कुठे ते नको.

हे खिडकीशी बसलेत. त्यांचाही नमस्कार.

तुमची भावजय

*

२६ जुलै

ती. वन्सं यांना सा. नमस्कार.

काकूंनी तुमचा निरोप शब्दाला शब्द लिहून पाठवला. "खरं काय ते लिही. मी बहिरी आहे, खुळी नाही." काकूंनी भीत भीतच पाठवला असावा, कारण खाली स्वतःचं 'सॉरी' जोडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला किती सांगितलं ते मला माहीत नाही. त्या दिवशी त्या आमच्याबरोबर वर आल्याच नव्हत्या, त्यामुळे ऐकीव तेवढंच सांगितलं असणार. मी तिथे होते.

आधी हे सांगते की तुमच्या बाळ्याच्या जिवाला काही झालेलं नाही. कोपराचं खरं होतं. बाकी त्या पत्रातलं फारसं खरं नव्हतं. आता आम्ही हॉटेलात नाही. गट निघून गेला. आम्ही घाटाखालच्या शहरात, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आहे. खिडकीतून हॉस्पिटलच्या धुलाईघराची भिंत दिसते, दिवसभर एका नळीतून वाफ येत असते. पोलिसांनी ह्यांना हे शहर सोडायला मनाई केली आहे.

काय झालं ते सांगते.

त्या दिवशी आम्ही घाटमाथ्याच्या अलीकडे, शेवटच्या वळणावर बसलो होतो. रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे खाली दगडच दगड. पुढचे सगळे सायकलपटू निघून गेले. लोक पथाऱ्यांच्या घड्या घालून उठायला लागले होते. सगळ्यांत शेवटी एक गाडी येते, ज्यांचं त्राण संपलं त्यांना उचलून घेणारी. ती खाली वळणावर दिसत होती आणि तिच्यापुढे एकच सायकलपटू होता. एकटा. डोकं खाली, तोंडाला फेस, सायकल इकडून तिकडे झोके खात होती. त्याला वेळेच्या मर्यादेत पोचायचं होतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी शर्यतीतून नाव बाद. हे म्होरक्याने आम्हाला आधीच समजावून सांगितलं होतं. प्रेक्षकांनी ढकललं तर पंच दंड करतात, हेही सांगितलं होतं.

हे उठले आणि त्याच्या बाजूने धावायला लागले. आधी नुसतेच, टाळ्या वाजवत. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून ढकलायला लागले.

वन्सं, तो मुलगा म्हणाला, "नको." मग पुन्हा म्हणाला, "नको, काका, सोडा." हे ढकलतच राहिले. मग त्याने ह्यांना दूर करायला एक हात हँडलवरून काढला. त्याच्या अंगात हात परत ठेवण्याइतकी ताकद राहिली नव्हती. पुढचं चाक आडवं झालं, सायकल भिंतीवर आपटली आणि तो भिंतीपलीकडे गेला. हे रस्त्यावर पडले.

आवाज काही झाला नाही फारसा. एक बाई भिंतीवरून वाकून बघत होती, ती मागे सरली आणि खाली बसली, तेव्हा मला कळलं.

मग माणसं ह्यांच्यावर धावली. एकाने कॉलर धरली, एक जण तोंडावर थुंकला. म्होरक्याने आणि फर्निचरवाल्याने ह्यांना ओढून आमच्या मदतीच्या गाडीत टाकलं आणि डोंगराच्या दुसऱ्या बाजूने खाली आणलं. ते जाकीट गाडीत मीच ह्यांच्या अंगातून काढलं. मीच ते पिशवीत कोंबून हॉटेलमागच्या कचरापेटीत टाकलं. कारण तोवर बातम्यांत सुरू झालं होतं, नारिंगी जाकीटवाला माणूस कोण. फोटो होता, पण पाठमोरा. तुम्ही खांद्यावर मारलेली ती दुहेरी शिलाई त्यात स्पष्ट दिसत होती. गाड्यांना लांबून दिसावा म्हणून तुम्ही मुद्दाम तो भडक रंग निवडला होता.

म्होरक्या म्हणाला, "तोंड कुणाला दिसलेलं नाही. परवाचं विमान मिळतंय. घरी जा आणि गप्प बसा." वाईट माणूस नाही तो. घाबरला होता. मलाही ते पटलं. डॉक्टरीणबाईंसाठी मी पहिलं पत्र लिहिलं ते त्याच संध्याकाळी, एकीकडे बॅगा भरत. हे खिडकीशी बसले होते हे खरं, पण त्यांनी नमस्कार वगैरे काही सांगितला नव्हता. ते बोलतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणतो म्हणून खाली गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते दोन पोलिसांबरोबर. कचरापेटी कुठली, ते दाखवायला आले होते.

तो मुलगा वाचला आहे. अजून पंचविशीचासुद्धा नाही. कण्याला मार बसला आहे, कमरेखाली काही हलत नाही, काही कळत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला काहीच सांगायला नको होतं, आम्ही त्याचे कोण? पण हे रोज बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात, तेव्हा एकदा जाता जाता थांबले आणि म्हणाले, "सायकल आता नाही. चालणंही बहुधा नाही."

त्याची आई दुसऱ्या दिवसापासूनच इथे आहे. तिचं गावात केस कापायचं छोटं दुकान आहे, ते बंद करून आली. बाप नाही. मला वाटलं होतं, ती ह्यांना बघून ओरडेल, मारेल. मी मनाची तयारी केली होती. हे उभे राहून म्हणाले, "तुमच्या मुलाला ढकलणारा तो मी." तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "का ढकललंत?"

"फार थकला होता," हे म्हणाले.

"थकणारच. त्याचं कामच आहे ते." एवढंच म्हणाली आणि आत गेली. नंतरचे चार-पाच दिवस ती आमच्यासमोरून येत-जात होती. शिव्या नाहीत, रडणं नाही. बाकाशी आली की पाय आखडून घ्यावे लागायचे, वाट अरुंद आहे. ती थांबायची, ह्यांचे पाय बाजूला होईपर्यंत, आणि मग जायची.

आता जे लिहायला एवढा वेळ लागला ते लिहिते.

पोलिसांकडे ह्यांनी सगळं खरं सांगितलं, एक सोडून. अधिकाऱ्याने विचारलं, "तो नको म्हणाला, ते तुम्ही ऐकलंत का?" फर्निचरवाल्याचा मेहुणा वकील आहे, त्याने फोनवर सांगून ठेवलं होतं की सगळं यावरच आहे. ऐकलं नसेल तर अपघात, ऐकलं असेल तर वेगळं कलम, तुरुंगही होऊ शकतो. हे म्हणाले, "गोंगाट होता, ऐकू आलं नाही." मग मला विचारलं. मी अगदी जवळ उभी होते. मीही म्हणाले, ऐकू आलं नाही.

गोंगाट नव्हता, वन्सं. निम्मे लोक निघून गेले होते.

परवा त्या मुलाने निरोप पाठवला, त्या माणसाला आत येऊ द्या. आम्ही दोघं गेलो. आई त्याचे केस कापत होती. तो उताणा झोपलेला, डोक्याखाली प्लास्टिक अंथरलेलं, कानाजवळ ती अलगद कात्री चालवत होती. चेहरा टीव्हीवर दिसतो त्याहून लहान वाटला. आम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे राहिलो. तिथे त्याला काहीच जाणवत नाही हे लक्षात आलं तेव्हा मी सरकून बाजूला झाले.

तो म्हणाला, "बसा, काका." मग म्हणाला, "मी नको म्हणालो होतो. तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

आईची कात्री थांबली. मी ह्यांच्या बाहीला हात लावला. खरंच सांगते, मी त्यांना आवरायला हात लावला होता.

हे म्हणाले, "आलं होतं. दोन्ही वेळा."

"मग?"

"मला वाटलं, तू संकोचाने म्हणतोयस. माणसं नको म्हणतातच, असं वाटलं."

तो मुलगा म्हणाला, "मला वाटत होतं, आपलाच आवाज फुटला नाही की काय. रोज तेच डोक्यात होतं. इतका दम लागला होता की आपण मनातच म्हणालो असू, असं वाटायचं." मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. आता जा."

आईने कात्री पुन्हा सुरू केली. ती आमच्याकडे बघत नव्हती. दारापर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "उद्यापासून बाकावर बसू नका. त्याला नको आहे."

त्यामुळे आता आम्ही जात नाही. हे दिवसभर खोलीत बसतात. एकदा मी म्हटलं, निदान लांबून तरी बघून येऊ. तर म्हणाले, "तो नको म्हणालाय."

तिथून निघालो ते हे थेट पोलिसांकडे गेले आणि जबानी बदलून आले. आता खटला चालेल. वकील वैतागला आहे, म्हणतो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. हे ऐकून ह्यांनी नुसती मान हलवली. जेवत नाहीत. झोपेत उजवा पाय दाबतात, ब्रेक दाबल्यासारखा.

उद्या मला पोलिसांकडे जायचं आहे. माझी जबानी अजून तशीच आहे, 'ऐकू आलं नाही'. ह्यांनी मला बदल असं एकदाही म्हटलेलं नाही. बदलली तर ह्यांच्याविरुद्ध साक्षीदार मीच होणार. नाही बदलली, तर तो मुलगा नको म्हणाला होता हे सांगणारी माणसं जगात दोनच उरतात, आणि त्यातला एक अंथरुणावर पडलेला आहे. काल दुपारभर विचार केला. जबानी बदलून येणार आहे.

तुम्हाला इथे बोलावत नाही. तुमच्या गुडघ्याला हा प्रवास झेपणार नाही, आणि आलात तरी करण्यासारखं काही नाही. किती महिने लागतील ते कुणी सांगत नाही. ड्रायव्हिंग स्कूलची किल्ली काकूंकडे द्या, ज्यांचे धडे अर्धे राहिले त्यांना दुसरीकडे जा म्हणून सांगायला हवं.

एकच मागते. नऊ वर्षांच्या पोरक्या भावाला तुम्ही वाढवलंत, तुमचं अक्षर बघितलं तर ते वाचतील, माझं बोलणं आता त्यांच्या कानांपर्यंत जात नाही. त्यांना लिहा. रागावून लिहा, थोडं लिहा, पावसापाण्याचं लिहा. फक्त 'तू मदतच करायला गेला होतास' असं लिहू नका. भेटलेला प्रत्येक जण ते म्हणून गेला, म्होरक्या, फर्निचरवाला, डॉक्टरीणबाई, मीसुद्धा. ते ऐकलं की हे उठून न्हाणीघरात जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत.

तब्येत सांभाळा.

तुमची,
आणि उद्यापासून कदाचित तुमच्या रागाचीही धनी असलेली,
भावजय