अनिथा, स्मिथी की हॅमोरी?

३ मार्च
आज टॅरँट्युला घेतला. म्हणजे घेतली. मादीच आहे, दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. तळहाताएवढी, काळी, गुडघे नारिंगी. डब्यावर चिठ्ठी: ब्राकिपेल्मा अनिथा. शेजारच्या डब्यात हुबेहूब असाच कोळी, चिठ्ठी मात्र ब्राकिपेल्मा स्मिथी. फरक विचारला. म्हणाला, किमतीत आहे. मी अर्थात महागातली उचलली. दुर्मीळ गोष्टीची पारख रक्तातच असावी लागते.
बायकोला योग्य वेळी सांगेन.

४ मार्च
योग्य वेळ आपणहून आली. दुकानदाराला फोनवर सांगत होतो, अनिथाचे गुडघे काय सुंदर आहेत हो, तासभर बघत बसलो! मागे बायको. काचेची पेटी दाखवल्यावर तिला आधी हायसं वाटलं, मग ती किंचाळली. सासरे (मुक्काम आमच्याकडेच, कायमचा) पेटीपाशी खुर्ची ओढून बसले ते जेवायलाच उठले.

९ मार्च, सकाळ
घात! अनिथा नावाची जातच नाही. शास्त्रज्ञांनी ते नाव कधीच मोडीत काढलंय. ती स्मिथीच. दुकानदाराला आज सोडत नाही.

संध्याकाळ
सोडला. पुढचं वाचलं. दुकानांत स्मिथी म्हणून विकतात, त्या बहुतेक हॅमोरी असतात. म्हणजे खरी स्मिथी माझ्याकडे आणि स्मिथी घेणारे सगळे फसले! दुकानदाराचे फोन करून आभार मानले. तो घाबरला.
बायकोला समजावलं. ती म्हणाली, "अहो, अनिथा ती स्मिथी, स्मिथी ती हॅमोरी. मग तुमच्या दुकानदाराने चिठ्ठ्याच उलटसुलट लावल्या असतील तर?" सामान्य माणसाशी शास्त्र बोलू नये.

१५ मार्च
नोकरी चष्म्याच्या दुकानात, त्यामुळे भिंग हाताशी. पुढच्या पायांना आतून गळासारखे बारीक आकडे! मादीच्या एकाही फोटोत असे आकडे नाहीत. म्हणजे ही अनिथा नाही, स्मिथी नाही, हॅमोरीही नाही. नवी जात!! जातीला बायकोचं नाव द्यायचं ठरवलं. बायको लाजली. लग्नानंतर प्रथमच.
प्राणी हुशारही आहे. खाणंपिणं सोडून दिवसभर येरझाऱ्या घालते. मी आलो की काचेवर चढते. माया, दुसरं काय.
पुढच्या रविवारी आमच्या प्राणीप्रेमींच्या क्लबात भाषण. विषय: नावांचा गोंधळ आणि माझा शोध. संग्रहालयातल्या कोळीतज्ज्ञ बाई येणार आहेत. येऊ देत. त्यांनाही शिकायला मिळेल.

२३ मार्च
भाषण उत्तम झालं. आकड्यांपर्यंत.
बाईंनी पेटीत डोकावून पाहिलं आणि तोंडाला रुमाल लावला. म्हणाल्या, हॅमोरी आहे. आकडे सगळ्याच हॅमोरी नरांना येतात, वयात आले की. मी म्हणालो, पण ही मादी आहे. त्या म्हणाल्या, "त्याला सांगून बघा." येरझाऱ्या बायको शोधण्यासाठी. आणि वयात आलेला नर फार दिवस जगत नाही.
घरी बायकोने एवढंच विचारलं, "म्हणजे माझं नाव त्या बाप्याला देणार होतात?" मग आत जाऊन इतकी हसली की सासऱ्यांनी टीव्ही बंद केला.
मला मात्र त्याच्याकडे बघवेना. बिचारा.

२६ मार्च
बाईंकडे हॅमोरी मादी आहे. स्थळ पाहिलं. तब्येतीने खात्यापित्या घरची वाटली. सासरे म्हणाले, "जावईबापू, आपण मुलाकडचे. ताठ बसा." माझा अंदाज: संसार सुखाचा होणार. शंकाच नाही.

३० मार्च
पेटी रिकामी परत आणली. बायकोने दारातच विचारलं, काय झालं? मी म्हणालो, लग्न लागलं. मग तिने त्याला खाल्लं.
बायकोने पाणी आणून दिलं.
सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "म्हणजे रीतसरच झालं की."