उलटे खिसे

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आठवतं का गं, बाबा विमानांच्या तळावरून घरी आले की चहाच्या आधी टेबलापाशी उभे राहून सगळे खिसे उलटे करायचे? रुमाल, पेन्सिलीचा तुकडा, एखादं बटण. मी मोठ्यानं मोजायची आणि तू गाळणं हातात धरून थांबायचीस. मला तो खेळ वाटायचा. त्यांच्या निवृत्तीच्या निरोपाला साऱ्या शिफ्टनं खिसे उलटे करून सलाम ठोकला, तेव्हाही मी नुसती हसले. कारण विचारायचं राहूनच गेलं.

काल मी माझे खिसे उलटे केले. सात वेळा. आत्या, इंजिनामागं बघायचा तो लांब दांडीचा छोटा आरसा हरवलाय.

तू याच तळावरची टूलरूम तीस वर्षं सांभाळलीस, तुला काय सांगायचं? इंजिनवाले, सांगाड्यावाले, विजेवाले आपापलं काम करून पहिली सही करतात. दुसरी सही तपासनिसाची, म्हणजे माझी. मी शिफ्टच्या साहेबांचं ऐकायचं नसतं, थेट विभागप्रमुखांना उत्तर द्यायचं असतं. करणारा हात वेगळा, बघणारा डोळा वेगळा. पण आमच्या नऊ इंजिन फिटरांपैकी चार दुसऱ्या तळावर उसने गेलेत. साहेब म्हणाले, ताई, तुम्ही मूळच्या फिटर, जरा हात लावा ना. लावला. मग पहिली सही फिटरमामांनी माझ्या भरवशावर केली आणि माझंच काम मीच तपासून दुसरी मी केली.

आरसा माझ्या पेटीतला, टूलरूमच्या फळीवर त्याची जागाच नाही. त्यामुळे कोणाला पत्ता नाही. विमान चौदा तारखेला चाचणीला उडणार आहे. बोलले तर माझं तपासनीसपण जाईल. मामा जूनमध्ये निवृत्त होतायत, त्यांच्या नावालाही डाग लागेल. आणि आरसा विमानात नसेलच तर? दुपारी हँगरच्या झरोक्यांतून ऊन तिरकं येतं, त्यात ते विमान अंगावरचे पत्रे उघडे टाकून झोपल्यासारखं दिसतं. त्याच्या पोटात कान लावून विचारावंसं वाटतं.

तुझी,
ठमी

६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र खिडकीपाशी बसून वाचलं, मग तशीच बसून राहिले. डोळा लागला असावा. स्वप्नात माझी काळी फळी आली, प्रत्येक हत्याराची पांढरी आकृती काढलेली. पाने, पक्कड, हातोड्या एकेक करून उडत आल्या आणि आपापल्या जागी बसल्या. एकच जागा रिकामी राहिली.

ती कुठली, ते मला ठाऊक आहे. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षीची गोष्ट. हत्यार नेताना आपला पितळी बिल्ला त्या जागी टांगायचा, हत्यार परत आलं की बिल्ला न्यायचा. एका संध्याकाळी भाऊ घाईत आला. बारका स्क्रू ड्रायव्हर सापडत नव्हता. मी म्हटलं, असेल इथंच कुठं, उद्या आणशीलच. आणि त्याचा सतरा नंबरचा बिल्ला काढून त्याच्या हातात दिला. भाऊ होता ना माझा! मिशनच्या शाळेतल्या सिस्टर माझ्या वहीवर नेहमी 'निष्काळजी' असा शेरा मारायच्या. त्या दिवशी तो खरा ठरला.

सकाळी जागा रिकामी आणि बिल्लाही नाही. कोणी नेलं याची चौकशी सुरू झाली. भाऊ पुढं झाला आणि म्हणाला, बिल्ला मीच काढून नेला. तीन दिवस विमान उघडून शोधलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या कोटाचं अस्तर शिवताना स्क्रू ड्रायव्हर माझ्याच बोटांना लागला. त्याची बढती दोन वर्षं अडली, लोक 'खिसेराव' म्हणून चिडवायला लागले. तो जन्मभर खिसे उलटे करत राहिला आणि मी गाळणं धरून गप्प राहिले.

आरसा विमानात नसेलही. भाऊचा स्क्रू ड्रायव्हरही नव्हताच. पण उडवून बघायची ही गोष्ट नव्हे, बाळ. मामांना आधी सांग, मग थेट विभागप्रमुखांकडे जा. ती वाट अशाच दिवसासाठी ठेवलेली असते. गप्प राहिलं की काय होतं, ते मला विचार.

तुझी,
आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. मामा माझ्यावर चिडतील वाटलं होतं. ते म्हणाले, न बघता सही केल्यापासून मला झोप नाही, बरं झालं तू आधी बोललीस.

दोन दिवस सगळ्या विभागांनी मिळून विमान उघडलं. विजेवाले मला टोमणे मारत होते, ताई, वेणी घालायला आरसा हवाच होता तर आम्ही आणून दिला असता की! काल दुपारी सांगाड्यावाल्यांच्या पोरीनं हाक मारली. आरसा वैमानिकाच्या बैठकीखाली, दांड्याला जोडलेल्या सळीच्या खोबणीत आडवा पडला होता. विमान वळवताना दांडा तिथंच अडकला असता. इंजिनाची तार जोडायला मी बैठकीखाली शिरले होते, तेव्हाच घसरला असणार. मी वाकून पाहिलं तर आरशात माझाच डोळा दिसला. मग तिथंच खाली बसले.

माझा तपासनिसाचा शिक्का वर्षभरासाठी काढून घेतलाय, मी परत फिटर झालेय. मामांना ताकीद मिळाली. मात्र उसने गेलेले चौघे सोमवारी परत येतायत. विभागप्रमुख आमच्या शिफ्टच्या साहेबांना सगळ्यांसमोर म्हणाले, माणसं कमी पडली तर विमान उभं राहू दे, सह्या एकत्र करू नका.

विमानाची तारीख पुढं गेलीय. वैमानिक येऊन माझ्या शेजारी चहा पीत बसला.

तुझी,
ठमी

१६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता अक्षरं पाण्यातल्यासारखी हलतात, म्हणून मी पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला जाते आहे. खोली आवरायला घेतली आहे. भाऊ जाऊन इतके दिवस झाले, तरी दिवसभर तो आसपास असल्यासारखा वाटतो. काही उचललं की तो मोजतो आहे असं वाटतं.

रविवारी ये आणि सांगते तसं वाटप कर. माझं भिंग फिटरमामांना दे, निवृत्तीनंतर घड्याळं दुरुस्त करणार म्हणत होते ना? बटणांचा डबा सांगाड्यावाल्यांच्या त्या पोरीला. चहाचं गाळणं धाकटीकडे नेऊ नकोस, ते तुझ्या घरी राहू दे. सतरा नंबरचा बिल्ला तुझा.

टेबलावर एक बंद पाकीट आहे, ते विभागप्रमुखांच्या हातात दे. भाऊच्या जुन्या फाइलीत त्या दिवसाची जी नोंद आहे, तिच्याखाली लावायला म्हणावं. बिल्ला कोणी काढला ते त्यात लिहिलं आहे, खाली माझी सही आहे.

आणि भाऊचा कोट वहिनीला, तुझ्या आईला दे. देण्याआधी खिसे उलटे करून बघ.

तुझी,
आत्या