शेवटच्या बाकापर्यंत

२ फेब्रुवारी, सोमवार

झालं! माझा नंबर लागलाच.

वर्गात तोंड न उघडणाऱ्यांसाठी बाईंनी नवी शिक्षा काढलीय. त्या तिला शिक्षा म्हणत नाहीत, 'रोज एक वाक्य' म्हणतात. फळ्यापुढे उभं राहायचं आणि आपण पाहिलेलं काहीतरी मोठ्यांदा सांगायचं. बाई शेवटच्या बाकामागे कानाला हात लावून उभ्या! तिथपर्यंत ऐकू गेलं की अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवायच्या.

मी म्हणाले, "रस्त्यात कुत्रा झोपला होता." म्हणजे म्हणाले असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "कोण झोपलं होतं?" सगळे फिदीफिदी हसले. मेले सगळे!

भुंगी नाही हसली. भुंगी माझ्या बाकावर बसते. सारखी गुणगुणते म्हणून भुंगी — गणित सोडवतानासुद्धा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मांजर झोपली होती. तीही कुणाला ऐकू गेली नाही. दादा म्हणतो, "घरात तोंडाचा पट्टा सुरू, शाळेत शेळी!"

५ फेब्रुवारी, गुरुवार

आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मधल्या सुट्टीत भुंगी रोज गॅलरीच्या कठड्यावर ओणवी होते. खाली अंगणात बालवर्ग असतो, त्यात तिचा धाकटा भाऊ. हिने वरून हात केल्याशिवाय तो डबा उघडत नाही. लाडोबा!

मी खाली बसून बुटाची नाडी बांधत होते, म्हणून मला दिसलं. कठड्याचा कोपऱ्यातला लोखंडी खांब सिमेंटमधून सुटलाय. भुंगी पुढे झुकली की तो वर येतो, ती मागे झाली की परत खाली जातो. फटीत माझं बोट गेलं!

तिला मागे ओढलं, दाखवलं. तर तिने मुद्दाम कठडा गदागदा हलवला आणि "मेले, मेले!" करत खो-खो हसली. मला इतका राग आला की दिवसभर अबोला धरला. मी एरवीही कुठे बोलते, त्यामुळे तिला कळलंच नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शिपाईकाकांना सांगितलं. त्यांच्याशी मला बोलता येतं, कारण ते आपल्याकडे न बघता घड्याळाकडे बघतात. म्हणाले, "माहितीये पोरी. वर सांगून झालंय." वर म्हणजे मोठ्या बाई, शाळा ज्यांच्या हाताखाली चालते त्या. बसतात मात्र तळमजल्यावर!

८ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "अगं बाई! मग सांग की तुझ्या बाईंना. तेच वाक्य म्हण उद्या, तेवढाच धीर चेपेल."

"तू चल ना माझ्याबरोबर."

"मी आले तर तू कधी बोलायला शिकणार?"

बाबा पेपरामागून म्हणाले, "बरोबर आहे." कुणाचं ते नाही सांगितलं.

मग सराव. दादा पार मागे न्हाणीघरात जाऊन उभा राहिला आणि मी पुढच्या दारातून वाक्य म्हणाले. तो ओरडला, "काय? डास चावला?" शेवटी एकदाचं ऐकू गेलं त्याला.

९ फेब्रुवारी, सोमवार

अगदी ओठांवर आलं होतं. फळ्यापुढे गेले, सगळ्यांचे डोळे बघितले आणि म्हणाले, "आज ऊन आहे." त्याला टाळ्या! माझी मलाच चीड आली.

शुक्रवारी शाळेत पाहुणे येणार आहेत. म्हणून शिपाईकाका कठड्याला हिरवा रंग देत होते. फटीतही रंग गेला. आता तिथे फट आहे हे दिसतच नाही. काका माझ्याकडे बघत नव्हते, पण आज घड्याळाकडेही बघत नव्हते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बोलले! बोलले! बोलले!

फळ्यापुढे उभी राहिले. म्हणाले, "गॅलरीतला कोपऱ्यातला कठडा सुटलाय, त्याला टेकलं तर कुणीतरी खाली पडेल!" 'पडेल' तर जवळजवळ किंचाळलेच. मग धडाधड टाळ्या! बाई धावत पुढे आल्या आणि मला जवळच घेतलं. "शेवटच्या बाकापर्यंत आलं! आणि केवढं लांब वाक्य! शाब्बास!"

माझ्यानंतरच्या मुलाने त्यांच्या घरच्या गाडीचं चाक पंक्चर झाल्याचं सांगितलं. त्यालाही तेवढ्याच टाळ्या.

तास सुटल्यावर बाईंच्या मागे गेले. "बाई, तो कठडा..."

"हो गं, ऐकलं ना मी! आता शुक्रवारी पाहुण्यांसमोर बोलायचं. छानसं काहीतरी निवडू हं आपण."

घरी आईने कौतुकाने दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. बाबा म्हणाले, "आता भाषणं ठोकणार बघा ही!" कठड्याचं पुढे काय झालं, ते कुणीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही खुशीत होते. आत्ता अंथरुणात पडल्यावर आठवलं, की तो तसाच आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

भुंगी पडली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहवेना. मी पाणी प्यायला गेले होते. कर्रर्र असा आवाज आला, आणि मग दुसरा आवाज. तो मला लिहायचा नाही. धावत आले तर कठडा बाहेरच्या बाजूला लोंबकळत होता. खाली तिचा भाऊ हात वर करून उभा होता. त्याला काही कळलंच नव्हतं.

भुंगी दवाखान्यात आहे. शुद्धीवर नाही. बाकावर तिची बाजू रिकामी, आणि वर्ग इतका शांत की कसंतरीच होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहुणे आले नाहीत. मोठ्या बाई वर्गात आल्या. "ती कठड्यावर चढून खेळत होती, हो ना मुलांनो?"

सगळे एका सुरात, "हो बाई!" केवढा आवाज! 'रोज एक वाक्य'मध्ये कुणाचाच इतका आला नव्हता. मी ओठ घट्ट मिटून घेतले. पण मिटलेले ओठ कुणाला ऐकू जातात?

शिपाईकाकांना कामावरून काढलंय. म्हणे, त्यांनी कधी काही सांगितलंच नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाई घरी आल्या. चहा नको म्हणाल्या. उद्या चौकशीला शिक्षण खात्यातले साहेब येणार आहेत, भुंगीचे बाबाही असतील, आमच्या वर्गातल्या मुलांना विचारतील. "पण हिला बोलायची सक्ती नाही हं. लाजाळू पोर, कशाला उगाच त्रास? गप्प बसली तरी कुणी काही म्हणणार नाही." आईशी बोलत होत्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

आई म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, सांग म्हणून?"

"तेव्हाचं वेगळं होतं गं."

"काय वेगळं होतं?"

आई उठून आत गेली. बाबा म्हणाले, "आपण कशाला त्या भानगडीत पडायचं? तुला अजून याच शाळेत शिकायचंय." ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, त्याचीच मला भीती वाटली.

दादा उठला. पार मागे न्हाणीघरात जाऊन उभा राहिला. मग तिथून त्याची हाक आली, "म्हण. ऐकतोय मी."

१६ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंच्या खोलीत साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?" मी हात वर केला. मंगळवारचंच वाक्य म्हणाले, 'पडेल'पर्यंत सगळं. मग म्हणाले, "हे मी बाईंना आधीच सांगितलं होतं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं होतं." बाई खाली बघत होत्या. भुंगीचे बाबा माझ्याकडे बघत होते.

आज कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.