डिकीतला कागद

३ ऑगस्ट
शुगर तपासायला लॅबमध्ये गेलो, तर जिन्यात जावई बसलेला! हातात कागद. मला बघून लपवायला गेला, मग स्वतःच पुढे केला. शुक्राणू – शून्य. एप्रिलमध्येही शून्यच आले होते. तो रिपोर्ट अजून स्कूटरच्या डिकीत पडून आहे म्हणे.

मग लेक चार महिने गोळ्या घेतेय त्या कशासाठी? तिच्या डॉक्टरबाईंना यानेच ठोकून दिलं होतं – "माझं सगळं नॉर्मल आहे."

"बाबा, तिला सांगू नका." कानाखाली द्यावीशी वाटली. पण चहा पाजला. माझी शुगर राहिलीच.

४ ऑगस्ट
बायकोला बोललो नाही. ती फोनवर लेकीला सांगत होती, "जरा वजन कमी कर, म्हणजे राहील." अर्ध्या ताटावरून उठलो.

९ ऑगस्ट
जावयाला पुरुषांच्या डॉक्टरकडे नेलं. एकटा गेला नसता. बाकावर सहा पुरुष, सगळे मोबाइलमध्ये तोंड खुपसून. शेजारच्याने हळूच विचारलं, "तुम्ही पण? या वयात?" म्हटलं, "आशा सोडू नये माणसानं!" जावई हसला. कितीतरी दिवसांनी.

डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन करून आत शोधता येईल. मिळतील, किंवा नाहीही. पण आधी बायकोला घेऊन या.

बाहेर आल्यावर म्हणतो, "तिला माहेरी घेऊन जा, बाबा. तिचं अजून दुसरीकडे होईल." चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करतोय, पण याला माझ्याकडे अवजार नाही. खांद्यावर हात ठेवून स्टँडपर्यंत चालत आलो.

१६ ऑगस्ट
लेक म्हणाली, वीस तारखेला दुर्बिणीची तपासणी. भूल देऊन पोटाला भोकं पाडणार! जावयाला दुकानात बोलावून घेतलं. पहिल्यांदाच आवाज चढवला.

"एकोणीसपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगतो."

"ती सोडून जाईल मला."

"जाईलही. पण माझ्या पोरीला उगाच कापू देणार नाही."

तो रडला. मग मीही. माझाही जीव जडलाय त्याच्यावर, आणि मीच त्याला कोंडीत पकडलंय.

१९ ऑगस्ट
संध्याकाळ झाली. फोन नाही. पाच वेळा उचलला, पाच वेळा ठेवला.

२० ऑगस्ट
सकाळीच लेकीचा फोन – "बाबा, काल त्यांनी सांगितलं." आवाज शांत. डिकीतला कागद तिने एप्रिलमध्येच वाचला होता! आजच्या तपासणीची तारीख घेतलीच नव्हती.

"मग बोलली का नाहीस गं?"

"ते आपणहून सांगतील म्हणून थांबले."

चार महिन्यांच्या गोळ्या कपाटात आहेत. एकही पाकीट फोडलेलं नाही.