पेट्रोलचा वास

अप्पा, तुमच्या गाडीबद्दल लिहायचंय, म्हणजे खरं तर काकांबद्दल. तुम्हाला आवडणार नाही, पण आता कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायला तुम्ही नाही आहात, तेव्हा ऐका.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि आपली जुनी गाडी दसऱ्यानंतर एकाएकी बिघडली. धारवाडहून हुबळीच्या मोकळ्या रस्त्याला छान पळायची, पण तिथल्या दुर्गदबैल बाजाराच्या गर्दीत वेग कमी केला की आचके देत बंद पडायची. हातगाडीवाले हसायचे आणि तुम्ही मागे बसून काकांच्या मानेकडे बघत राहायचात. गाडी तेच चालवायचे, तुमचे सख्खे धाकटे भाऊ, आपल्याच घरात राहणारे. पण वकिलाची नजर ना तुमची! तुमचं ठरलंच, की काका पेट्रोल बाहेर विकतात आणि टाकीत रॉकेल मिसळतात. मग रोज संध्याकाळी तळहातावर पेट्रोलचे थेंब चोळून तुम्ही हुंगत बसायचात. काका हात धुऊन पानावर बसले की त्यांच्याकडे वाकून त्यांचाही वास घ्यायचात, आई आणि काकूच्या देखत. 

काका एकदाच बोलले. म्हणाले, रॉकेल असतं तर गाडीनं वेगातही त्रास दिला असता, धूर सोडला असता. ही फक्त हळू चालताना मरते, म्हणजे कार्बोरेटरमधलं बारीक भोक तुंबलंय, सावकाश जाताना पेट्रोल तेवढ्यातूनच येतं, उघडून बघतो. तुम्ही म्हणालात, "गाडीला हात लावायचा नाही. पुरावा नाहीसा करायचाय होय?" त्याच आठवड्यात काका-काकू ट्रंक उचलून हुबळीला कमरीपेठेत बिऱ्हाड करायला गेले. काकू उंबऱ्यात रडत होती आणि तुम्ही आतल्या खोलीत पेपर वाचत होतात.

गाडी मात्र तशीच मरत राहिली. आधीचं रॉकेल टाकीत उरलंय, असं तुम्ही आईला सांगायचात. शेवटी हुबळीचा मिस्त्री बोलावलात. मी नुकतीच कॉलेजातून आलेय, ओसरीवर उभी आहे. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, बारीक भोकात तार घालतो, तारेच्या टोकाला लाल लगदा येतो. "कुंकुम ऐतरी, साहेब," तो कानडीत म्हणतो, कुंकू आहे हे. आणि मला दसऱ्याच्या आदल्या दिवसाची खंडेनवमी आठवते. काकांनी कार्बोरेटर सोडवून, लख्ख करून, पाना-पक्कडीशेजारी पाटावर पूजेला मांडलाय, आणि तुम्ही ओलं कुंकू त्याच्या भोकाभोकाला बोटानं दाबून लावताय. दुसऱ्या दिवशी जोडताना काका तो धुवायला निघाले, तर पूजेचं कुंकू पुसायचं नाही म्हणून तुम्हीच दटावलंत.

तुम्हालाही आठवलं, अप्पा. तुमचा चेहरा मी पाहिला. मिस्त्रीला म्हणालात, "गंज आहे तो. साफ कर." माझ्याकडे बघितलं नाहीत. त्या दिवसापासून गाडी गर्दीतही सुरळीत चालू लागली, आणि आज तुम्ही कमरीपेठेत जाल, उद्या जाल, म्हणून मी वाट बघत राहिले. तुमच्यावर नजर ठेवायला लागले म्हणा ना. कोट चढवलात की मला वाटायचं, निघाले. तुम्ही कोर्टात जायचात.

काका आता फार थकलेत. परवा मी त्यांना भेटायला गेले होते. काकू चहा टाकायला आत गेली तशी त्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, "गाडीत शेवटी काय निघालं ग? अण्णांना कळलं काय?" तुम्हाला ते अजून अण्णाच म्हणतात. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. तुमचा असा राग आला होता म्हणून सांगू! पण मी म्हटलं, "नाही काका. त्यांना कधीच कळलं नाही."

काकांनी डोळे पुसले. म्हणाले, "तेच मी हिला सांगत असतो. कळलं असतं तर अण्णा मला घरी न्यायला आले असते."

मी हो म्हणाले.