डाळिंबाच्या सालीची पूड आणि माझं बोट

सोमवार, ४ मार्च

तिसरी गोणी वाळली! सालं गच्चीवर कडकडीत झाली; दळली, वस्त्रगाळ केली. रसवाला म्हणतो, "मामा, रस माझा, कचरा तुमचा – असा भागीदार जन्मात मिळायचा नाही!" त्याला काय ठाऊक, या कचऱ्यातून आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम बोटांचे ठसे उठवणारी पूड करतात. बाजारातली काळी पूड छातीत जाते. ही निव्वळ साल.

शुक्रवारी पोलिसांचे ठसेतज्ज्ञ येणार. त्यांना पसंत पडली तर मॅडमची नोकरी कायम. नाही तर महिनाअखेर सुट्टी.

मंगळवार, ५ मार्च

लिहूनच टाकतो. सहा महिन्यांपूर्वी मॅडमनी माझं बोट काचेवर टेकवलं, कुंचल्याने पूड फिरवली – काही नाही! वीस वर्षं सोड्याने काचसामान घासून बोटं गुळगुळीत झालेली. मॅडमचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, खोट माझ्या बोटात. पूड चांगलीच असणार. दुसऱ्या दिवशी बोटाला खोबरेल चोळून गेलो. रेघ न् रेघ उठली! मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "मामा, सोन्याचं बोट आहे तुमचं!"

मग रोजच चोळत गेलो. चाळीस काचा. वहीत प्रत्येकीपुढे त्यांच्या सुबक अक्षरात – 'बोट धुतलेलं, कोरडं'.

गुरुवार, ७ मार्च

सांगायला तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. तिन्ही वेळा "चहा आणू का?" विचारून परत.

शुक्रवार, ८ मार्च

तज्ज्ञांनी स्वतःचं बोट काचेवर टेकवलं. पूड फिरवली. फुंकर मारली – सगळी उडून गेली. मग त्यांच्या शिपायाचं बोट, मग ड्रायव्हरचं. तेच. तज्ज्ञ हसले, "मॅडम, ही तोंडाला लावा. कांती उजळेल!"

मॅडम वही उलटत होत्या. "चाळीस वेळा आलाय हो ठसा... चाळीस वेळा!" मी कोपऱ्यात कुंचले धूत उभा.

घरी देवापुढे हात जोडायला गेलो. जोडवेनात.

शनिवार, ९ मार्च

सांगितलं. सगळं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटून खणात ठेवली. मग एकच विचारलं – "मामा, घरी कमावणारं आणखी कोण?"

"कोणी नाही. दोन्ही मुली शिकताहेत."

"बरं. या तुम्ही."

सोमवार, ११ मार्च

मोठ्या साहेबांनी बोलावलं. समोर मॅडमचं पत्र. "बोटाला तेल लावायला तुम्हाला मॅडमनीच सांगितलं होतं, असं त्यांनी लिहून दिलंय. खरं का, मामा?"

मी हो म्हणालो.