चावून पारखलेलं चामडं

तीर्थस्वरूप दादांना सविनय नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला आता आटोक्यात असेल अशी आशा आहे. आमची ही तुमच्याकडे येऊन पंधरवडा झाला, तेव्हा तीही मजेत असणारच. इकडे आमचा कारखाना (एक खोली, एक लेथ आणि मी) मात्र बंद पडायच्या बेतात आहे.

बिलियर्डच्या काठीच्या टोकाला चामड्याची छोटी गोल टिकली असते, ती मी करतो, हे तुम्ही जाणताच (लग्न ठरताना तुम्ही "एवढंच?" म्हणाला होतात, मी मनावर घेतलं नाही). चामड्याचे पातळ थर चिकटवायचे, दाबून वाळवायचे, लेथवर गोल करायचे, आणि मग दाढेखाली धरून चावायचं. दाताची खूण उमटून बघता बघता भरून आली, तर माल पास. वडिलांनीच ही पद्धत घालून दिली. (खेळाडूंना हे कळू देत नाही. ते बिचारे त्या टोकाला भक्तिभावाने खडू लावतात.) माझ्या दाढा गेल्या, कवळी आली आणि मला सगळंच चामडं सारखं लागू लागलं. क्लबातल्या चॅम्पियनची काठी ऐन सामन्यात चेंडूवरून घसरली आणि अख्खा डबा परत आला. तेव्हा तुमच्या बहिणीने कंबर कसली आणि एकेक टिकली चावून नवा डबा भरून दिला. चॅम्पियन स्वतः आला, म्हणाला, "काका, तुमचा हात परत बसला!" मी फक्त मान डोलावली. ही मागेच गोंद ढवळत होती. तिने हात धुतले आणि बॅग भरली. आता तुम्हीच सांगा, कवळी धुवायला काढलेली असताना माणूस खुलासा तरी कसा करणार?

तेव्हापासून क्लबाची नवी मागणी पडून आहे. माझी तक्रार काहीच नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. हिला लवकर धाडून द्यावं. धंद्याचा प्रश्न आहे.

आणखी एक ता. क. वरचं तितकंसं खरं नाही. कवळी सोमवारीच नीट बसली, चावल्यावर पूर्वीसारखं कळतं, आणि मागणी मी काल पोचती केली. मागचा डबा माझ्या बायकोने चावून पारखला होता, हेही चॅम्पियनला सांगून आलो. त्याने काठीचं टोक रुमालाने पुसलं आणि मग पुन्हा खडू लावला. तेव्हा धंद्याचं काही अडलेलं नाही, दादा. तिच्यावाचून घर खायला उठतं. पत्र तिच्या हाती देताना एवढाच भाग वर येईल अशी घडी घाला.